डोंगराला कशाला दोष?

एकाएकी बंद पडणारी वस्तू परवडली. हळूहळू मंदावणारी नको. दिवा फट्‌दिशी गेला तर आपण लगेच उठून बटण पाहतो, फ्यूज पाहतो. पण तोच दिवा रोज थोडा थोडा मंद होऊ लागला, तर आधी वाटते डोळ्यांचा नंबर वाढला. मग वीज मंडळाला नावे ठेवली जातात. आणि बल्बवरची धूळ पुसायचे तेवढे राहून जाते. लॅपटॉपवरच्या वायफायचे नेमके असेच होते. महिन्यापूर्वी ठीक होते, पंधरा दिवसांपूर्वी बरे होते, आज काम अडले. मग घरातला प्रत्येक जण आपापल्या स्वभावाप्रमाणे गुन्हेगार ठरवून मोकळा होतो.

यंदा दसऱ्याच्या सुमारास चार दिवस मी सोयगावला अक्काकडे होतो. अजिंठ्याची लेणी ज्या तालुक्यात येतात, ते हे सोयगाव. गावावर अजिंठ्याच्या डोंगररांगेची सावली, जवळच वेताळवाडीचा किल्ला, आणि छत्रपती संभाजीनगर शंभर किलोमीटरांहून दूर. अक्काचे घर जुने, काळ्या दगडाचे. भिंती अशा की खिडकीत माणसाने मांडी घालून बसावे.

माझी भाची याच घरात बसून पुण्याच्या एका कंपनीचे हिशेबाचे काम करते. नोकरी नवी, अजून कायम झालेली नाही. गेल्या महिन्यात मीटिंगमध्ये तिचा आवाज चार-पाच वेळा तुटला आणि वरिष्ठांनी सौम्य शब्दांत सुचवले की, शहरात राहायला आलात तर बरे. घरात त्याचीच चर्चा होती. दाजी म्हणाले, “अहो, हे डोंगराखालचे गाव. इथे नेट असेच चालायचे. पोरीला संभाजीनगरला खोली पाहून देतो.” भाची म्हणाली, “मामा, लॅपटॉपच थकलाय. चार वर्षं झाली त्याला. नवा घ्यावा लागेल.” अक्का काही बोलली नाही. ती भाजी निवडत होती. पण निवडलेली मेथी आणि काड्या एकाच ताटात पडत होत्या.

म्हणजे खोलीचे भाडे आणि अनामत, नाही तर नव्या लॅपटॉपचे पैसे, आणि एकुलती एक मुलगी घराबाहेर. एवढा खर्च करण्यापूर्वी रोग कोणता ते तरी पाहावे, असे मी म्हटले.

पहिली गोष्ट ही की सिग्नल आणि वेग हे दोन वेगळे आजार आहेत. राउटर आणि लॅपटॉप यांच्यामध्ये हवेतून जे चालते तो सिग्नल. राउटरपर्यंत बाहेरून तारेने जे येते ते इंटरनेट. नळाला पाणी कमी येते तेव्हा टाकीच रिकामी आहे की टाकीपासूनचा पाइप तुंबला आहे, हे आधी पाहावे लागते, तसेच हे. आणि इथेच दाजींचा डोंगर बाद झाला. डोंगर मोबाइलच्या टॉवरच्या आड येतो, हे खरे. पण त्यांच्या घरी इंटरनेट येते ते रस्त्यावरच्या खांबावरून, काचेच्या बारीक तारेतून. राउटर माजघरात आणि लॅपटॉप ओसरीलगतच्या खोलीत. या दोहोंच्या मध्ये अजिंठ्याचा डोंगर कसा यावा?

दुसरी गोष्ट तुलनेची. लॅपटॉपच्या शेजारी, त्याच टेबलावर, त्याच वायफायला जोडलेला मोबाइल ठेवावा. मोबाइलवर सिग्नल भरपूर आणि लॅपटॉपवर कमी, तर दोष लॅपटॉपचा. दोन्हींवर कमी, तर दोष जागेचा. दोन्हींवर सिग्नल भरपूर पण वेग नाही, तर दोष बाहेरच्या लाइनचा किंवा गर्दीचा. हा प्रयोग दोन मिनिटांचा आणि बिनपैशाचा. सोयगावला दोन्हींवर सिग्नल कमी निघाला. लॅपटॉप निर्दोष सुटला.

सिग्नल मोजायला मोबाइलवर फुकट मिळणारी साधने आहेत. त्यांत आकडे उणे चिन्हाने येतात; उणे ४० उत्तम, उणे ८० म्हणजे शेवटचा श्वास. हे आकडे जरा फसवे असतात. १० ने खाली गेले की शक्ती एक दशांश उरते. राउटरजवळ उणे ४० आणि भाचीच्या टेबलावर उणे ८०. म्हणजे दहा हजारावा हिस्सा! एवढ्यावरही लॅपटॉप निम्मीशिम्मी मीटिंग चालवीत होता, याबद्दल त्याचे कौतुकच करायला हवे.

बिनतारी लहरी भिंतीतून जातात, हे १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोसांनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवले होते. जातात खऱ्या, पण प्रत्येक भिंत म्हणजे जुना जकातनाका आहे. काही ठेवून घेतल्याशिवाय पुढे सोडीत नाही. विटेची पातळ भिंत थोडे घेते, जाड दगडी भिंत पुष्कळ घेते, पाण्याचे पिंप त्याहून लोभी, आणि धातूचा पत्रा तर जवळजवळ सगळेच परतवून लावतो.

मी अक्काला विचारले, “महिन्यापूर्वी हा राउटर कुठे होता?” ती म्हणाली, “ओसरीवर, खुंटीला. नवरात्राच्या आधी भिंती रंगवल्या, तेव्हा आत कोनाड्यात ठेवला. बरा नाही दिसत बाहेर.” मग कोनाड्याचे उघडे तोंड वाईट दिसते म्हणून त्यापुढे पितळी डबे मांडले गेले. मग रंग वाळल्यावर पोलादी कपाट त्याच भिंतीला आले. वस्तू एकेक करून आल्या, म्हणून सिग्नलही एकेक पायरी उतरला. कोणाच्या लक्षात यायचे कारणच नव्हते.

राउटर पुन्हा ओसरीकडे, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, उघड्यावर आणला. त्यासाठी काचेची तार सैल वळणाने फिरवली. ती काटकोनात मुडपली किंवा दारात चेंगरली तर आतला प्रकाश वाटेतच गळतो. टेबलावरचा आकडा उणे ६० झाला. म्हणजे आधीच्या शंभरपट शक्ती, आणि खर्च दोन खिळ्यांचा.

आता वायफायच्या दोन पट्ट्यांविषयी. बहुतेक राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ अशा दोन पट्ट्यांवर बोलतात. पहिली दूर जाते, भिंतींना कमी भिते, पण हळू आणि गर्दीची. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टी तिथेच वावरतात. दुसरी वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमते. राउटरच्या नावापुढे ‘५जी’ असे दिसते ते हेच; मोबाइलच्या ५जीशी त्याचा संबंध नाही. एकाच खोलीत असाल तर ५ घ्यावी, दोन भिंतींपलीकडे असाल तर २.४. भाचीच्या खोलीत राउटर आता समोर दिसत होता. तिला ५ दिली.

ज्यांच्या घरी मोबाइलवर सिग्नल चांगला आणि लॅपटॉपवरच वाईट, त्यांनी स्वस्तापासून महागाकडे जावे. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करावा. वायफायची जुनी नोंद पुसून नव्याने जोडावी. बॅटरीवर चालताना वीज वाचवण्यासाठी तो वायफायचा दम कमी करतो का, ते सेटिंगमध्ये पाहावे. वायफायचा ड्रायव्हर अद्ययावत करावा. जवळ जोडलेली बाहेरची हार्ड डिस्क काढून पाहावी. तिच्या जलद केबलीतून निघणारा गोंगाट २.४ ची पट्टी बिघडवतो. एवढ्यानेही न भागले, तर लक्षात ठेवावे की बहुतेक लॅपटॉपांचे एरियल पडद्याच्या कडेत असते आणि त्याच्या बारीक तारा बिजागरीतून जातात. वर्षानुवर्षांच्या उघडझापीने त्या दुखावतात, आतली टोके सैल होतात. दुरुस्ती करणाऱ्याला हे आवर्जून सांगावे. काही शे रुपयांचे, यूएसबीत बसणारे वायफायचे बोंडूकही पुष्कळदा नवा लॅपटॉप वाचवते.

सोयगावची गोष्ट मात्र इथे संपली नाही. दिवसा सगळे सुरळीत झाले. रात्री आठला वेग पुन्हा पडला. सिग्नल भरपूर, वेग नाही. तेव्हा लॅपटॉप थेट केबलने राउटरला जोडला. तरीही वेग तोच. म्हणजे वायफायचा दोष नव्हे. गर्दी बाहेरच्या लाइनवर होती. भाचीला मी एक वही घालून दिली: तारीख, वेळ, केबलने मोजलेला वेग. एक इशाराही दिला. कंपन्या वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइल उतरताना आकडा दिसतो तो बहुधा मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. ४० च्या जोडणीवर ५ दिसले तर ती फसवणूक नव्हे.

वेळ लिहून ठेवण्याचे महत्त्व मोठमोठ्यांनाही पटलेले आहे. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीला १९९८ सालापासून अधूनमधून चमत्कारिक संकेत मिळत. ते येत कामकाजाच्या वेळेतच. आकाशाला कुठली आली कचेरीची वेळ! २०१५ साली छडा लागला: तिथल्या मायक्रोवेव्ह भट्टीचे दार कोणी तरी ती चालू असतानाच उघडत असे. तारे निर्दोष होते.

आठ दिवसांची वही घेऊन दाजी तक्रार करायला गेले. नुसते “नेट चालत नाही” म्हटल्यावर ज्यांनी मान हलवली असती, त्यांनी आकडे पाहून माणूस पाठवला. संध्याकाळचा वेग सुधारला. अगदी पूर्ण नाही, पण व्हिडिओवरच्या बोलण्याला दोन-चार मेगाबिट पुरतात, तेवढा झाला. जड फाइली भाची आता सकाळी पाठवते. खोली पाहायचे तूर्त थांबले आहे. नोकरी कायम होईल की नाही हे तिच्या कामावर ठरेल, पितळी डब्यांवर नव्हे, एवढे साधले.

आपल्याकडे लहान गावांविषयी फार लवकर निकाल दिला जातो. “तिथे काही चालत नाही” म्हटले की शोध संपतो आणि मुले बाहेर पडतात. काही वेळा ते खरेही असते. पण ते मोजून ठरवावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून ठरवावी. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा चारही कराव्या लागतात.

दिवाळीसाठी आपणही घर आवरले असेल, कपाटे हलवली असतील. राउटर कोणत्या कोनाड्यात गेला आहे, ते फराळाला बसण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे.