आजोबांचा हिशेब
(द्वितीय वर्ष कला)

वडीलधाऱ्यांचे ऋण कधी फिटत नाही, असे आपण म्हणतो. म्हणतो आणि मोकळे होतो! जे फिटणारच नाही ते फेडायच्या खटपटीला लागतो कोण? हल्ली हे वाक्य कानावर आले की मला संशय येतो. हा संशय माझ्या मनात घातला तो हजारो मैलांवरच्या काही म्हाताऱ्यांनी. ते फिलिपिनो होते, अमेरिकेत राहत होते आणि त्यांतले बहुतेक आज हयात नाहीत.

इतिहासाच्या सरांनी दुसऱ्या महायुद्धावर टिपण लिहायला सांगितले होते. हिटलरवर सगळेच लिहिणार, म्हणून मी फिलिपाइन्स घेतले. हा देश १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात होता. जुलै १९४१ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढून तिथल्या सैनिकांना अमेरिकेच्या सेवेत बोलावून घेतले. अडीच लाखांहून अधिक फिलिपिनो त्या युद्धात लढले. एप्रिल १९४२ मध्ये बतान पडले. जपान्यांनी कैद्यांना भर उन्हात, उपाशीतापाशी मैलोगणती चालवले. हजारो माणसे वाटेतच मेली. जे वाचले त्यांची समजूत अशी की, अमेरिकन सैनिकाला जे मिळेल ते आपल्यालाही मिळेल. पण युद्ध संपून सहा महिने होतात न होतात तोच, फेब्रुवारी १९४६ मध्ये, अमेरिकन काँग्रेसने कायदा केला की, बहुतेक सवलतींपुरती या लोकांची सेवा ही सेवाच धरायची नाही!

पुढे १९९० च्या कायद्याने या सैनिकांना अमेरिकेचे नागरिकत्व देऊ केले. तोवर त्यांची साठी-सत्तरी उलटली होती. तरी पंचवीस हजारांहून अधिक जण नागरिक झाले. ज्या वयात माणूस ओसरीवर बसून नातवंडे खेळवतो, त्या वयात पुष्कळांनी परदेशाची वाट धरली. का? स्वतःच्या सुखासाठी नव्हे. एकदा आपण नागरिक झालो की मुलांसाठी अर्ज करता येईल, आणि मिळेल त्यातून घरी काही पाठवता येईल, एवढाच त्यांचा हिशेब होता.

अशा एका आजोबांचा दिवस डोळ्यांपुढे आणून पाहा. त्यांच्या भाषेत आजोबांना ‘लोलो’ म्हणतात. सॅन फ्रान्सिस्को शहरात मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेला एक वस्ती आहे. तिथल्या काही गल्ल्यांना रिझाल, बोनिफासिओ, मबिनी अशी फिलिपिनो वीरांची नावे आहेत. गल्लीला वीराचे नाव, आणि त्याच वस्तीत खोली वाटून राहणारे हे जिवंत वीर! निराधार वृद्धांना सरकारकडून मिळणारा भत्ता हे यांचे उत्पन्न. त्यातून भाडे द्यायचे, भात शिजवायचा आणि उरेल ते गावी पाठवायचे. मुलांचे अर्ज केलेले असत. पण लग्न झालेल्या मुलांची रांग वीस-वीस वर्षांची! नातवंडे भेटत ती फोटोत. त्यांच्याकडे लहान मूल वडीलधाऱ्याचा हात उचलून आपल्या कपाळाला लावते. आपल्याकडे पाया पडतात, तसेच ते. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, त्यांच्या कपाळाला तो हात वर्षानुवर्षे लागत नसे. घरी परतावे तर महिनाभरापलीकडे भत्ता बंद. १९९९ च्या कायद्याने सवलत दिली ती अशी की, मायदेशी जाऊन राहिलात तर भत्ता तीन चतुर्थांश मिळेल. म्हणजे नातवंडांजवळ राहण्याची किंमत एक चतुर्थांश भत्ता!

त्यांच्या आधीच्या पिढीला तर आजोबा होण्याचीही संधी मिळाली नाही. १९२० च्या सुमारास हजारो तरुण कॅलिफोर्नियाच्या शेतांत राबायला गेले. १९३३ मध्ये तिथे गोऱ्या स्त्रीशी त्यांचे लग्न कायद्याने निषिद्ध ठरले; १९३४ च्या कायद्याने वर्षाला अवघ्या पन्नास फिलिपिनोंना प्रवेश उरला. लग्न करावे कुणाशी? त्यांतले कित्येक एकटेच म्हातारे झाले. अशा वृद्धांचे एक निवासस्थान सॅन फ्रान्सिस्कोत होते, इंटरनॅशनल हॉटेल नावाचे. ४ ऑगस्ट १९७७ रोजी पोलिसांनी तिथल्या भाडेकरूंना बाहेर काढले, तेव्हा हजारो माणसे हातात हात गुंफून इमारतीभोवती उभी होती. त्यांत विद्यार्थी पुष्कळ होते. रक्ताची नातवंडे नसलेल्या त्या म्हाताऱ्यांसाठी ती पोरे नातवंडे झाली, असे मला वाटते. ती हरली, पण उभी राहिली.

माजी सैनिकही गप्प बसले नाहीत. १९९७ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी व्हाइट हाउसच्या कुंपणाला स्वतःला साखळीने बांधून घेतले. अखेर २००९ मध्ये सरकारने एकरकमी पैसे मंजूर केले, नागरिकाला पंधरा हजार डॉलर आणि नागरिक नसलेल्याला नऊ हजार. तेव्हा युद्ध संपून चौसष्ट वर्षे झाली होती. बहुसंख्य सैनिक वारले होते आणि हयात असलेल्यांपैकी हजारोंचे अर्ज नामंजूर झाले.

कुणी म्हणेल, सत्तरीत परदेशी जा असे त्यांना सांगितले होते कुणी? उशिरा का होईना, मिळाले ना? आणि त्यांनी स्वतः तरी कुठे कुरकुर केली? शेवटचा प्रश्न मला सर्वांत घातक वाटतो. आजोबा तक्रार करत नाहीत हा त्यांचा मोठेपणा. पण त्या मोठेपणाच्या आड लपून देणे बुडवणे हा आपला मोठेपणा नव्हे. ‘त्यागमूर्ती’ म्हटले की हिशेब मागायचे काम उरत नाही. मूर्तीला हार घालतात, पगार देत नाहीत!

हे लिहिताना मला माझ्या आजोबांची आठवण येणे साहजिक आहे. ते मुंबईला गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गावी परतले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. शाळेत असताना ‘माझे आजोबा’ या निबंधात मी ‘त्यांनी आमच्यासाठी चंदनासारखा देह झिजवला’ असे ठोकून दिले होते आणि दहापैकी आठ गुण मिळवले होते. गिरणीत ते कोणत्या खात्यात होते, हे मात्र मला ठाऊक नव्हते.

टिपण लिहून झाल्यावर दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना विचारले. ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. म्हणाले, “तुला कशाला गं ते?” मग उठून ट्रंक उघडली. तीत मनीऑर्डरच्या पावत्यांचा गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला. पाठवलेल्या प्रत्येक पैशाची पावती होती. त्यांचे स्वतःचे गिरणीकडे जे येणे राहिले होते, त्याचा मात्र एक कागदही धड नव्हता. “अर्ज कोण लिहिणार होतं?” ते म्हणाले. माझे वडील सातवीपर्यंत शिकलेले.

मित्रमैत्रिणींनो, सुट्टीत घरी जाल तेव्हा आजोबांच्या पाया जरूर पडा. पण पडून झाल्यावर जरा शेजारी बसा. किती वर्षे राबलात, किती मिळाले, किती राहिले, हे विचारा आणि लिहून काढा. आपण शिकलो ते निबंधात त्यांची स्तुती करण्यासाठी नाही.

आजोबांचा अर्ज मी त्याच दिवशी लिहायला घेतला. चार वेळा खोडला. पाचव्या खेपेस त्यांनी तो माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला, एका ठिकाणी वर्ष दुरुस्त केले आणि खाली सही केली. उत्तर अजून आलेले नाही. आले नाही तर दुसरा लिहीन.