लग्नपत्रिका आली, पण एपीकेमध्ये!
हिंगोलीत २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली. उघडली आणि खात्यातले जवळपास १ लाख ९० हजार गेले. पत्रिका फोटो नाहीतर पीडीएफमध्ये येते. एपीके म्हणजे अ‍ॅप. ते टाकून मेसेज वाचायची परवानगी दिली की ओटीपी थेट चोराकडे. पीएम किसानच्या नावानेही अशाच फाइली फिरतात.

माणूस दरवेळी लोभानं फसत नाही, ओळखीनं फसतो. फाइल अनेकदा पाहुण्याच्याच नंबरवरून येते, कारण त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. म्हणून केंदूरच्या ग्रुपवर अशी फाइल दिसली तर पाठवणाऱ्याला शिव्या घालू नका, फोन करून सांगा. अ‍ॅडमिनने ती सगळ्यांसाठी डिलीट करावी. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० लावा.