आकाशाची पहिली खरेदी

दिवाळी सरते, पावसाळी ढग निघून गेलेले असतात आणि घरातील एखादे मूल दुर्बिणीचा हट्ट धरते. अशा वेळी पैसा वाया जाण्यापेक्षा मोठी हानी निराळीच असते. चुकीचे उपकरण घरी आले की पहिल्या चार रात्रींत निराशा पदरी पडते, खोका माळ्यावर जातो आणि मुलाची जिज्ञासाही त्याच्यासोबत माळ्यावर जाते. म्हणून ही खरेदी पारखून व्हावी.

पहिला फसवा आकडा खोक्यावरच छापलेला असतो : ‘५२५ पट मोठे दिसेल’. वस्तुतः दुर्बिणीच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागले की ही पट मिळते. १२०० मिलिमीटरच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली तर ४८ पट; नेत्रिका बदलली की आकडाही बदलतो. खरा माल म्हणजे प्रकाश, आणि तो पुढील भिंगाच्या अथवा आरशाच्या व्यासावर अवलंबून असतो. १५० मिलिमीटरचा आरसा ६० मिलिमीटरच्या भिंगापेक्षा सव्वासहा पट प्रकाश गोळा करतो. व्यासाच्या दर मिलिमीटरमागे दोन पट, ही उपयुक्त वर्धनाची ढोबळ मर्यादा. ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीत १२० पटींच्या पुढे प्रतिमा मोठी होते, पण पुसट होत जाते.

सर्वांत शहाणी सुरुवात १० × ५० च्या द्विनेत्री दुर्बिणीने होते. दहा पट वर्धन आणि ५० मिलिमीटरची भिंगे, एवढ्यात कृत्तिकांचा पुंजका, मृग नक्षत्रातील तेजोमेघ, देवयानी आकाशगंगेचा धूसर ठिपका आणि हात स्थिर ठेवल्यास गुरूचे चार मोठे चंद्रही दिसतात. छंद टिकला नाही तरी ही वस्तू पक्षी पाहण्यास व प्रवासात उपयोगी पडते. भांडवल अडकत नाही. तिथी पाळणाऱ्या घराला आणखी एक सोय आहे. शुक्ल सप्तमी-अष्टमीला चंद्रावरील विवरांच्या सावल्या सर्वांत ठळक दिसतात, तर पुसट तेजोमेघांसाठी अमावास्येच्या आगेमागच्या रात्री उत्तम.

गोडी टिकली तर पुढची पायरी १३० ते १५० मिलिमीटर आरशाची डॉब्सोनियन दुर्बीण. जमिनीवर अथवा भक्कम स्टुलावर ठेवलेल्या साध्या पेटीवर ही नळी फिरते. तिचे जनक जॉन डॉब्सन हे सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात साधक असताना टाकाऊ काच व लाकूड वापरून दुर्बिणी बनवीत आणि रस्त्यावरील लोकांना आकाश दाखवीत. या रचनेत यंत्रावर पैसा कमी आणि आरशावर अधिक खर्च होतो. शनीची कडी तीतून स्पष्ट दिसतात. याउलट लटपटत्या तिवईवरील दुर्बीण कितीही चांगली असली तरी बोट लागताच ग्रह नाचू लागतो.

छायाचित्रणाचा हिशेब मात्र वेगळा. येथे नळीपेक्षा बैठक महत्त्वाची. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून स्थिर कॅमेऱ्यात तारे रेघा होऊन उमटतात. ५०० या आकड्याला भिंगाच्या नाभीय अंतराने भागले की साधारण किती सेकंद उघडझाप ठेवता येईल ते कळते : २० मिलिमीटरला २५ सेकंद, ५० मिलिमीटरला १०. कॅमेऱ्याचा संवेदक लहान असेल तर त्याहून कमी. घरातला कॅमेरा आणि मजबूत तिवई यांवर एक हिवाळा काढावा. चंद्र तर नेत्रिकेला मोबाइल लावूनही टिपता येतो. त्यानंतरच ताऱ्यांच्या गतीने फिरणारी मोटारीची बैठक घ्यावी आणि तिच्यावर नळीपेक्षा अधिक खर्च करण्याची तयारी ठेवावी.

माहीमच्या रहिवाशांनी ही बैठक घेताना एक गोष्ट तपासावी. तिचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि येथे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेएकोणीस अंश वर असतो, तोही बोईसर-तारापूरच्या दिव्यांच्या उजेडाच्या दिशेला. इतक्या कमी कोनात काही बैठकींचे वजन तिवईच्या पायाला अडते. वाड्यांतील माड उत्तर क्षितिज झाकणार नाहीत अशी जागाही हवी. पश्चिमेला समुद्र असल्याने तिकडचे आकाश काळोखे मिळते; परंतु खाऱ्या, दमट हवेत भिंगांवर बुरशी चढते. उपकरणे सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत. जूनमध्ये खरेदी केली तर चार महिने ती पेटीतच राहणार, हेही ध्यानात असावे.

एका बाबतीत तडजोड नको. दुर्बिणीतून सूर्याकडे पाहिल्यास दृष्टी क्षणात जाऊ शकते. नेत्रिकेला लावण्याचा काळा सौरफिल्टर खोक्यात आला असेल तर तो फेकून द्यावा. उष्णतेने तो तडकतो. दुर्बिणीच्या पुढील तोंडावर बसणारा प्रमाणित फिल्टरच वापरावा.

मोठे यंत्र स्वतःच्या बळावर टिकत नाही, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. पुण्यातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत २० इंची आरशाची दुर्बीण होती, त्या काळी भारतातील सर्वांत मोठी. प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी ती चालविली; २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेधही त्यांनी जेऊर येथे घेतले. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पाहणारा उरला नाही, तेव्हा २० इंची आरशालाही पुण्यात जागा उरली नाही.

म्हणून पैसे मोजण्यापूर्वी मुलाला एकदा पाहणाऱ्यांच्या संगतीत न्यावे. मुंबईचे खगोल मंडळ वांगणी येथे रात्रभर आकाशदर्शन घडविते. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था हे कार्य करीत आहे. तेथे निरनिराळ्या दुर्बिणींना डोळा लावता येतो, त्या चालविणाऱ्यांना प्रश्न विचारता येतात. पहाटेपर्यंत मूल जागे राहिले आणि परतताना त्याने पुढच्या अमावास्येची तारीख विचारली, तर खरेदीला हरकत नाही.