पिकअपला ऑइल कूलर बसविण्यापूर्वी

सोयाबीनची मळणी आटोपली की आमच्या केनवड गावातून मालवाहू पिकअप गाड्यांची ये-जा वाढते. कोणी रिसोडच्या बाजारात सोयाबीन नेतो, कोणी हळद भरून हिंगोली गाठतो, तर कोणी अकोल्याहून खताच्या गोण्या घेऊन पातूरचा घाट चढतो. बैलगाडीच्या आसास वंगण घालणे जसे आपल्या वडिलांचे नित्यकर्म होते, तसे या गाडीचे तेलपाणी पाहणे आता आपले झाले आहे. यास्तव हा विषय शेतीच्या मासिकात कोणास अप्रस्तुत वाटू नये.

प्रसंग आमच्या घरचाच आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या पुतण्याची पिकअप घाटात तापू लागली, गियर अडखळत पडू लागला आणि जळका वास येऊ लागला. एका दुकानदाराने सल्ला दिला की, गियरबॉक्सचे तेल थंड ठेवणारा मोठा ऑइल कूलर बसवा; खर्च अठरा हजार. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ५,३२८ रुपये ठरला होता. त्या हिशेबाने ही सुमारे साडेतीन क्विंटल सोयाबीनची किंमत झाली. आमचा जन्म तहसिलीच्या दप्तरात गेला. मूळ नोंद पाहिल्यावाचून फेरफार मंजूर करू नये, एवढा एक धडा तेथे पक्का झाला. तोच येथेही लागू केला.

चौकशीअंती जे समजले ते असे. ऑइल कूलरची महती मुख्यतः अमेरिकेसारख्या देशांतून आली. तिकडील पिकअप बहुतांशी स्वयंचलित गियरच्या असतात व मागे जड ट्रेलर ओढतात. अशा गाडीत इंजिनाची शक्ती टॉर्क कन्व्हर्टर नामक भागात तेलाच्या माध्यमातूनच पुढे जाते. ओझे वाढले की ते तेल घुसळून निघते व तापते. साधारणतः ८० ते ९५ अंश सेल्सियस ही त्या तेलाची सुखाची मर्यादा होय. ते वारंवार १२० अंशांपलीकडे गेल्यास काळवंडते, रबरी सील कडक होतात आणि आतील क्लच-प्लेटा झिजतात. म्हणून तेथे पंपाने तेल बाहेर काढून, थंड करून परत पाठविण्याची योजना मुळातच असते आणि जास्त ओझे ओढणारा मनुष्य तीत भर घालतो. ते योग्यच आहे.

परंतु आपल्या शिवारात दिसणाऱ्या बोलेरो पिकअप किंवा टाटा योद्धा या गाड्या हाताने गियर टाकावयाच्या आहेत. अशा गियरबॉक्समध्ये सामान्यतः तेल दातेरी चाकांनी उडवून सर्वत्र पोहोचविले जाते. तेथे तेल बाहेर ढकलणारा पंप नाही, तशी नळीही नाही. मग कूलरमध्ये तेल जावयाचे कसे? शिवाय जळका वास बहुधा क्लच-प्लेटीचा असतो. ही प्लेट कोरडी असते, तिचा गियरच्या तेलाशी संबंध नसतो. चढावर पाय अर्धवट क्लचवर ठेवून गाडी रेटल्यास ती जळणारच. त्यास कोणताही कूलर उपाय नव्हे.

आमच्या गाडीत अखेर काय निघाले? गियरबॉक्सचा ऑइल सील गळत होता आणि तेल निम्म्यावर आले होते. रेडिएटरच्या जाळीत सोयाबीनचे भूस व धूळ गच्च बसली होती. आत बोअरचे जड पाणी घातल्याने क्षार साचले होते. सील बदलला, पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे तेल भरले, जाळी उलट बाजूने पाणी मारून धुतली आणि बोअरच्या पाण्याऐवजी कूलंट घातले. अठरा हजारांच्या चौथाईतही हे सारे भागले.

आणखी एक गोष्ट कडू असली तरी सांगणे भाग आहे. १,७०० किलो भारक्षमतेच्या गाडीत साठ किलोचे २८ कट्टे बसतात. आपण ४२ भरतो; म्हणजे २,५२० किलो. एवढ्या ओझ्याने क्लच, गियर, ब्रेक व टायर सर्वच गांजतात. मोटार वाहन अधिनियमाच्या १९४ व्या कलमात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार जादा भारास वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनास दोन हजार असे आहे. दोन खेपांचे डिझेल वाचविण्याच्या नादात आपण गाडीचे आयुष्य खातो, हे ध्यानी घ्यावे.

आता ज्यांच्याकडे स्वयंचलित गियरची पिकअप आहे त्यांच्याविषयी. इसुझु व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये भारतात आलेली टोयोटा हायलक्स या गाड्या त्या प्रकारातही मिळतात. त्या भरल्या ओझ्याने वैशाखात घाट चढत असतील, तर प्रथम तेलाचे तापमान मोजून घ्यावे. ते मर्यादेत असेल तर खर्च करू नये. कूलर घ्यावयाचाच झाला तर नुसत्या नळीपात्यांच्या कूलरपेक्षा एकावर एक चपट्या थाळ्या रचलेला घ्यावा. तेवढ्याच जागेत तो अधिक उष्णता काढतो. तो रेडिएटरपुढे, वारा लागेल परंतु रेडिएटरचा वारा अडणार नाही, असा बसवावा. गाडीचा मूळचा कूलर न काढता, त्यातून परतणारे तेल नव्यात न्यावे. नळी तेलाच्या दाबास व उष्णतेस टिकणारीच असावी. पाण्याची नळी वापरू नये. हिवाळ्यात तेल प्रमाणाबाहेर थंड होऊ नये म्हणून थर्मोस्टॅटची सोय पाहावी. बसविल्यावर पुस्तिकेत दिलेल्या रीतीने तेलाची पातळी पुन्हा तपासावी. कंपनीची हमी चालू असल्यास अशा फेरबदलाने ती जाते की राहते, हे आधी लेखी विचारून घ्यावे. तोंडी आश्वासनास नोंदीत किंमत नसते.

आमचा विरोध नव्या वस्तूस नाही. ती आपल्या गाडीस लागते की नाही हे न पाहता घेण्यास आहे. यंदा मळणी सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने गाडी सपाट जागी उभी करावी, गियरबॉक्सचा बोल्ट उघडवून तेल पाहावे, रेडिएटरची जाळी धुवावी आणि कट्टे मोजून भरावेत. एवढ्यावरही गाडी तापलीच, तर मग कूलरचा विचार करण्यास कोणाची ना नाही.