दे इकडे!

आज एक कबुली देऊन टाकतो. 2005 साली मी एका रिमोटला पोट धरधरून हसलो होतो. एकटा नव्हे, आमची आख्खी गँग हसली होती. आणि आम्हीच कशाला, जगभरातले गेमर्स त्या आठवड्यात एक तर हसत होते, नाहीतर कपाळाला हात लावून बसले होते.

26 जुलैचा पूर ओसरून दोनेक महिने झाले होते. आचोळे रोडवर एका गाळ्यात आमचं गेम पार्लर होतं. आमचं म्हणजे मालकीचं नव्हे, पण कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी सहा ते घरून बोलावणं येईपर्यंत मुक्काम तिथेच. तासाला 20 रुपये. पुराच्या पाण्यात चारातले दोन टीव्ही गेले होते. उरलेल्या दोनवर टेक्केन आणि विनिंग इलेव्हन चालायचं आणि बाकीचे मागे उभे राहून फुकटचे सल्ले द्यायचे. एक दिवस एक मित्र सायबर कॅफेतून एक प्रिंटआऊट घेऊन आला. काळा-पांढरा फोटो. एक सडपातळ, पांढरी दांडी, वर एक मोठं बटण, खाली दोन-तीन बारकी. बस्स.

‘‘ये क्या है, टीवी का रिमोट?’’ पार्लरवाला म्हणाला.

तो होता निन्टेंडोच्या पुढच्या कन्सोलचा कंट्रोलर. 16 सप्टेंबर 2005 ला टोकियो गेम शोमध्ये कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी तो बाहेर काढून दाखवला. कन्सोलचं तेव्हाचं टोपणनाव ‘रिव्होल्यूशन’. सोबत एक फिल्म दाखवली, तिच्यात गेम एकही नाही! नुसती माणसं. कुणी तो रिमोट हातात धरून मासे पकडतंय, कुणी भाजी चिरतंय, कुणी डेंटिस्ट झालंय, कुणी ऑर्केस्ट्रा चालवतंय. आमच्या टेक्केनच्या उस्तादाने निकाल देऊन टाकला, ‘‘निन्टेंडो खलास.’’ पुढे एप्रिल 2006 मध्ये कन्सोलचं खरं नाव जाहीर झालं, वी. मग तर काय, आमच्या टवाळीला ऊतच आला.

आता मागे वळून बघताना कळतं की आम्ही त्या दांडीला हसत नव्हतो. आम्हाला राग आला होता. प्लेस्टेशनचा पॅड पहिल्यांदा हातात आला तो दिवस आठवा. पंधराच्या वर बटणं, दोन गरगर फिरणाऱ्या काड्या. कुठला अंगठा कुठे जातो ते न बघता कळायला आम्हाला दोन वर्षं आणि वडिलांचे बरेच पैसे लागले होते. ती आमची डिग्री होती, बॉस! आणि हा जपानी माणूस खुशाल सांगत होता की ॲडमिशनला डिग्री लागणार नाही. वर त्याचं म्हणणं असं, की घरातल्या बाकीच्या मंडळींना पॅडची भीती वाटते म्हणून ती गेमच्या वाटेला जात नाहीत. टीव्हीचा रिमोट मात्र सगळेच उचलतात. तेव्हा याला रिमोटच म्हणा.

तसं त्या वर्षी हसण्यासारखं आणखी एक प्रकरण झालं होतं. मे 2005 मध्ये सोनीने प्लेस्टेशन 3 चा कंट्रोलर दाखवला होता, चक्क केळ्यासारखा वाकडा. लोकांनी त्याला बूमरँग म्हणून असं काही धुतलं की वर्षभरात सोनीने तो गुपचूप मागे घेतला आणि जुन्या आकारावर परत आली. निन्टेंडोनेही तेवढ्याच शिव्या खाल्ल्या, पण मागे हटली नाही. नोव्हेंबर 2006 मध्ये वी बाजारात आला आणि शेवटी 10 कोटी 16 लाख खपला, प्लेस्टेशन 3 पेक्षा जास्त. आमच्या उस्तादाच्या भविष्याचं काय झालं ते तुम्हीच बघा.

पण आकडे सोडा. गोष्ट आहे माझ्या आईची.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे ते चायनीज टीव्ही गेम आले होते, आठवतं? पिवळी कॅसेट, त्यावर ‘9999999 इन 1’ आणि आत खरे गेम बाराच. त्याच्याबरोबर एक प्लॅस्टिकचं पिस्तूल यायचं, बदकं मारायला. तर ते पिस्तूल माझ्या आईला जाम आवडायचं. दुपारी भांडी आवरली की ती पाच मिनिटं बदकं टिपायची. (त्या पिस्तुलातून काही निघत नसे बरं का. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा आणि पिस्तुलाच्या नळीतला डोळा तो उजेड बघायचा. म्हणजे गोळी टीव्हीकडून पिस्तुलाकडे यायची! जुने डबा टीव्ही गेले आणि ती पिस्तुलंही आंधळी झाली, कारण त्यांचं सगळं गणित त्या डब्यातल्या उजेडाच्या वेळेवर होतं.)

नंतर माझ्याकडे सेकंडहँड प्लेस्टेशन आलं. आईने एकदा हौसेने पॅड हातात घेतला. ‘‘पळायचं कशाने रे?’’ मी सांगितलं. ‘‘आणि बघायचं कशाने?’’ तेही सांगितलं. तिचा माणूस भिंतीला डोकं लावून जागच्या जागी पळत राहिला. मिनिटभरात मी म्हटलं, ‘‘दे इकडे.’’ आणि तिच्या हातातून पॅड काढून घेतला.

ती काही बोलली नाही. भाजी निवडायला गेली. पुन्हा कधी मागितला नाही. ‘‘मला नाही बाई जमायचं ते,’’ एवढंच म्हणायची. आणि खरं सांगू, मला ते बरंच वाटायचं. बाकी सगळ्या घरात मी धाकटा, मार्क कमी, कामाचा नाही. फक्त त्या 21 इंची टीव्हीसमोर मी साहेब होतो.

2007 च्या दिवाळीत मावसभाऊ न्यू जर्सीहून आला, त्याने वी आणला. आधी दोन दिवस तो लावताच आला नाही. अमेरिकन अडॅप्टर 120 व्होल्टचा, आपल्या भिंतीतून येतात 230. सरळ लावला असता तर लक्ष्मीपूजनाचा पहिला बार आमच्याच घरात उडाला असता. लॅमिंग्टन रोडवरून स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर आणला, वीटभर वजनाचा. मग प्रश्न जागेचा. आमचं घर वन रूम किचन. टीपॉय गॅलरीत गेला, बाबा कॉटवर पाय वर घेऊन बसले.

मनगटात अडकवायची दोरी बघून आई म्हणाली, ‘‘हे काय, राखी?’’ राखीच म्हणा. बॉलिंगमध्ये बॉल टाकायला बोटाखालचं बटण सोडायचं असतं, पण लोक उत्साहात रिमोटच सोडत आणि तो थेट टीव्हीत. डिसेंबर 2006 मध्ये निन्टेंडोने 32 लाख दोऱ्या जाड करून बदलून द्यायचं जाहीर केलं होतं, त्यावरून अंदाज करा. आमच्या टीव्हीमागे तर शोकेस, आणि शोकेसमध्ये आईचा काचेचा डिनर सेट.

आईला मी एकच वाक्य सांगितलं, ‘‘सडा टाकतेस ना, तसा हात.’’

कोकणातल्या अंगणात वीस वर्षं सडा टाकलेला हात तो. पहिल्या दोन बॉलना चुकली. तिसऱ्याला दहाच्या दहा पिना आडव्या. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं तो चेहरा मी विसरणार नाही. रात्री साडेअकरापर्यंत ती खेळत होती. बाबा खेळले. खालच्या मजल्यावरच्या काकू ‘कसला आवाज येतोय’ म्हणून विचारायला आल्या आणि खेळून गेल्या. आणि मी, टेक्केन 5 कोळून प्यालेला, माझ्या आईकडून हरलो. तीनदा!

मी काय म्हणालो असेन? तेच, जे जगातले सगळे नाराज गेमर्स म्हणत होते. ‘‘ह्यात स्किल काय आहे? हात हलवायचा नुसता.’’ मग मी शोध लावला की उभं राहायचीही गरज नाही. कॉटवर लोळून मनगटाला झटका दिला तरी मशीन फसतं. तसा खेळून मी एक मॅच जिंकलो. आई म्हणाली, ‘‘उभा राहून खेळ की रे. तसं जिंकण्यात काय आहे?’’

आता न्यायाने बोलायचं तर नाराज गेमर्स अगदीच खोटे नव्हते. मशीनला हाताची हालचाल ढोबळच कळायची. ती जरा बारकाईने कळायला 2009 मध्ये शेपटीला जायरोस्कोपचा वेगळा तुकडा जोडावा लागला. रिमोट हलवण्यासाठी म्हणून हलवायला लावणारे रद्दी गेम ढिगाने निघाले. आणि पॅडसाठी जन्मलेल्या गेम्सना तो झेपवताना काय काय कसरती झाल्या! झेल्डामधला हीरो लिंक मुळात डावखुरा. खेळणारे बहुतेक उजव्या हाताने रिमोट फिरवणार, मग तलवारही उजव्या हातात हवी. म्हणून वीसाठी निन्टेंडोने आख्खा गेमच आरशात धरल्यासारखा उलटा केला. उगवतीचं मावळतीला. म्हणजे आपण सकाळी उठावं आणि नालासोपारा ईस्ट वेस्टला गेलेलं असावं.

त्यात 2010 मध्ये मायक्रोसॉफ्टने कायनेक्ट काढला, हातात काहीच नको, कॅमेरा तुम्हाला बघणार. पहिल्या 60 दिवसांत 80 लाख खपला. पण त्याच्यापासून सहा फूट लांब उभं राहायचं, दोघं असाल तर आठ. आमच्याकडे आठ फूट मागे गेलं की शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर लागतं. 2017 मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं. आमचा वी तर त्याच्या बऱ्याच आधी माळ्यावर गेला होता. ट्रान्सफॉर्मर, नोकरी, विरार लोकल, रात्री नऊला घरी. कोण काढतंय?

तर गेल्या दिवाळीत, भाऊबीजेला ताई आली, बरोबर भाचा. वय वर्षं पंधरा, मोबाइलवर बीजीएमआय खेळतो. त्याला खेळताना बघत होतो. नेम धरायला तो बोट लावतच नव्हता, आख्खा फोन बारीक बारीक तिरका करत होता. ‘‘जायरो आहे मामा. फुल जायरो. सगळे प्रो असंच खेळतात.’’ मी म्हटलं, अरे लेका! ज्या गोष्टीला आम्ही आचोळे रोडवर दात काढले, ती आता शान झाली?

आईने ते ऐकलं. ‘‘आपलं ते बॉलिंगचं आहे का रे अजून?’’

माळ्यावरून खोका काढला. रिमोटमधले सेल गळले होते, ते खरवडून साफ केले. नव्या टीव्हीला लाल-पांढरी-पिवळी भोकंच नाहीत, पण कन्व्हर्टरची डबी शेजारच्या मुलाकडे निघाली. सगळं लागलं, आणि स्क्रीनवरचा हात काही हलेना. टीव्हीखाली ठेवायच्या पट्टीची वायर उंदराने कुरतडली होती. तिला सेन्सर बार म्हणतात, पण ती काहीच सेन्स करत नाही. तिच्या दोन टोकांना इन्फ्रारेडचे बारके दिवे असतात, एवढंच. कॅमेरा असतो रिमोटच्या नाकात. तो ते दोन ठिपके बघतो आणि आपला नेम कुठे आहे ते ओळखतो. म्हणजे त्याला हवेत दोन ठिपके, इन्फ्रारेडचे, वीतभर अंतरावर. मेणबत्त्याही चालतात.

दिवाळी होती. पणत्यांना काय तोटा?

दोन पणत्या टीव्हीपुढच्या टीपॉयवर वीतभर अंतराने ठेवल्या. ज्योत हलू नये म्हणून पंखा बंद. भाच्याने मोबाइल खाली ठेवला. ‘‘मामा, हे शक्यच नाही.’’ मी रिमोट उचलला, आणि स्क्रीनवर तो पांढरा हात थरथरत आला. बाबा कॉटवरून म्हणाले, ‘‘टीव्हीची आरती चाललीय का रे?’’

घामाच्या धारा लागल्या होत्या. आईने पदर खोचला, मनगट पुढे केलं, मी दोरी अडकवली. आता तिचा खांदा पूर्वीसारखा वर जात नाही. हात अर्धाच मागे गेला. बॉल सुटला, डावीकडे सरकला आणि तीन पिना पडल्या.

‘‘आजी, तुला नाही जमत. दे इकडे,’’ भाच्याने हात पुढे केला.

‘‘थांब रे,’’ आई म्हणाली. ‘‘अजून माझा एक बॉल आहे.’’