वाद्याचा धनी कोण?

दसऱ्याच्या सुमारास आमच्या शाळेत सरस्वतीपूजन होते. पाटावर पुस्तके मांडली जातात. त्यांच्या शेजारी पेटी, तबला, घुमट आणि शामेळ ही वाद्ये ठेवून त्यांना गंध-फूल वाहिले जाते, आणि मग आरत्यांना प्रारंभ होतो. मागील वर्षी या पूजनाच्या दिवशी दहावीचा एक विद्यार्थी कापडी पिशवीत घातलेली विजेची गिटार घेऊन आला व ती इतर वाद्यांबरोबर पाटावर ठेवू का, असे त्याने आम्हांस विचारले. आम्ही म्हणालो, "अरे, हे पूजेत कसे बसेल? विजेवर चालणारे यंत्र ते!" त्याने वाद घातला नाही. "ही मामाची आहे, सर. मामा जहाजावर असतो," एवढेच तो म्हणाला. मग खिशातील रुमालाने त्याने एकेक तार पुसली आणि गिटार पुन्हा पिशवीत घातली.

ते तारा पुसणे आमच्या मनातून जाईना. देवघरातील मूर्ती पुसावी तशी त्याने ती पुसली होती. पूजा आम्ही मांडली होती खरी. परंतु त्या दिवशी वाद्याची खरी पूजा कोणी केली, हा प्रश्न आम्हांस पुढे बरेच दिवस छळीत राहिला. त्या प्रश्नाच्या पाठोपाठ आम्ही जे वाचले आणि ऐकले, त्यावरून आमचे मत पालटले. ते पालटलेले मत येथे मांडण्याचा विचार आहे.

प्रथम आमच्या आक्षेपाचाच विचार करू. विजेची गिटार हे यंत्र आहे, म्हणून ती वाद्य नव्हे, असे आम्ही मानीत होतो. साध्या गिटारीचे पोट पोकळ असते. तारेच्या कंपाने पुढची पातळ फळी आणि आतील हवा कंप पावते व नाद मोठा होतो. विजेच्या गिटारीचे अंग बहुधा भरीव असते. तिच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि त्यांभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे असतात. वरची तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्रात फरक पडतो, वेढ्यांत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तो वाढवून ध्वनिक्षेपकाकडे पाठवितो. फॅरेडेने १८३१ साली दाखविलेले आणि आपण विज्ञानाच्या तासाला शिकतो ते विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. म्हणजे वीज वाजवीत नाही. वाजविते ते बोटच. वीज केवळ बोटाने केलेले मोठे करून सांगते, आणि बोट चुकले तर ती चूकही तितकीच मोठी करून सांगते. अशा वाद्यापुढे बसावयास अधिक सावधपणा लागतो, कमी नव्हे.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. परंतु ज्या पेटीला आम्ही गंध लावले, ती तरी कोठली? हार्मोनियम हे वाद्य एकोणिसाव्या शतकात युरोपातून आपल्याकडे आले. आकाशवाणीने १९४० साली त्यावर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. तरीही आपल्या नाटकांनी, भजनांनी आणि कीर्तनांनी पेटी सोडली नाही; गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांनी तिला मानाचे स्थान मिळवून दिले. आज पेटी परकी आहे असे म्हणणाऱ्याकडे गावातील भजनी मंडळी चमत्कारिक नजरेने पाहतील. वाद्य कोठून आले यावरून ते आपले की परके हे ठरत नाही. ते कोणी, किती काळ आणि कशा निष्ठेने हाताळले, यावरून ठरते. गोव्यात तर हे सांगावयासही नको; एकच घुमट येथे देवळातील आरतीला साथ करते आणि ख्रिस्ती घरांतील मांड्यालाही.

आता प्रश्न उरतो तो निष्ठेचा. कारखान्यात एकाच साच्याच्या शेकडो गिटारी तयार होतात. त्यांपैकी एकीवर माणसाचा जीव जडावा, असे तीत काय असते? याचे उत्तर वादकांच्या चरित्रांतच शोधावे लागते.

इंग्लंडमधील ब्रायन मे या मुलास सोळाव्या वर्षी विजेची गिटार हवी होती; परंतु दुकानातील गिटार घेण्याइतके पैसे घरात नव्हते. तेव्हा १९६३ च्या ऑगस्टमध्ये त्याने आणि त्याचे वडील हॅरोल्ड यांनी ती घरीच करावयास घेतली. गिटारीची मान एका जुन्या शेकोटीवरील लाकडी फळीतून कोरली. त्या लाकडाला कीड लागून पडलेली भोके आगकाड्यांनी बुजविली. अंगासाठी जुन्या टेबलाचे ओकचे लाकूड घेतले. तारांचा ताण कमी-अधिक करणाऱ्या दांडीसाठी एका जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातील स्प्रिंगा वापरल्या आणि त्या दांडीच्या टोकाला आईची विणकामाची सुई लावली. पट्टीवरील खुणांसाठी आईच्या शिवणाच्या पेटीतील शिंपल्यांच्या गुंड्या आल्या. या कामास सुमारे दोन वर्षे लागली आणि खर्च सुमारे आठ पौंड आला. हीच गिटार घेऊन मे पुढे 'क्वीन' या वाद्यवृंदाबरोबर जगभर हिंडले. आमच्या वाचकांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे: याच वृंदाचे गायक फ्रेडी मर्क्युरी हे पारशी कुटुंबातील असून त्यांचे शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले, आणि तेथेच त्यांनी आपला पहिला वाद्यवृंद काढला.

परंतु आम्हांस या हकीकतीचा पुढील भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या वडिलांनी मुलाबरोबर दोन वर्षे लाकूड तासले, त्याच वडिलांना मुलाने खगोलभौतिकीचे संशोधन अर्धवट टाकून गिटारीच्या मागे लागणे मुळीच रुचले नाही. काही काळ दोघांत बोलणेही नव्हते. पुढे न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मुलाचे वादन ऐकल्यावर वडिलांना त्याचा मार्ग उमगला. अर्धे राहिलेले संशोधनही वाया गेले नाही. २००७ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, मे यांनी डॉक्टरेट मिळविली. आम्ही शिक्षक आणि पालक, मुलाच्या हाती वाद्य देतो आणि ते त्याने मनापासून धरले की घाबरतो. या घाबरण्यात काळजी असते, हे खरे. परंतु कधीकधी केवळ अज्ञान असते. सरस्वतीपूजनाच्या दिवशी आमच्याजवळ होते ते दुसरेच.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील बी. बी. किंग यांचे. १९४९ च्या हिवाळ्यात ते आर्कान्सा राज्यातील ट्विस्ट या लहानशा गावी एका नाचघरात वाजवीत होते. ऊब यावी म्हणून मध्यभागी एका पिंपात रॉकेल पेटविलेले होते. दोन माणसांची मारामारी जुंपली, पिंप कलंडले आणि क्षणात आग पसरली. सगळे बाहेर धावले, किंगही धावले. बाहेर आल्यावर त्यांच्या ध्यानात आले की गिटार आतच राहिली. ती सुमारे तीस डॉलरची गिटार आणावयास ते जळत्या घरात परत शिरले आणि थोडक्यात वाचले. ज्या स्त्रीवरून ते भांडण झाले तिचे नाव ल्युसिल होते, हे नंतर कळले. किंग यांनी आपल्या गिटारीला तेच नाव दिले. आणि ते कशासाठी? असला अविचार पुन्हा आपल्या हातून घडू नये, याची आठवण राहावी म्हणून. २०१५ साली मृत्यू येईपर्यंत त्यांच्या गिटारी अनेक झाल्या, पण नाव ल्युसिलच राहिले.

विद्यार्थ्यांनी या गोष्टीचा अर्थ उलटा लावू नये. वाद्यासाठी आगीत उडी घ्यावी, असे आम्ही म्हणत नाही. किंग यांनीही तसे म्हटले नाही. प्रेमाने माणूस वेडा होतो, हे त्यांनी ओळखले आणि त्या वेडाला लगाम घालण्यासाठी त्याच वाद्याचे नाव वापरले. ज्या वस्तूवर जीव जडला तिच्याकडूनच शिस्तही शिकणे, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

तिसरे उदाहरण आयर्लंडमधील रोरी गॅलाघर यांचे. कॉर्क शहरातील एका दुकानात १९६३ साली, पंधरा वर्षांच्या वयात, त्यांनी एक वापरलेली स्ट्रॅटोकास्टर गिटार शंभर पौंडांस हप्त्यांनी घेतली. ही स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून प्रथम बाहेर पडली. फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती. गॅलाघर यांची गिटार एकदा चोरीस गेली आणि काही दिवसांनी खंदकात पडलेली सापडली. वर्षानुवर्षांच्या वादनाने आणि घामाने तिचा रंग जवळजवळ सगळा उडून आतील लाकूड उघडे पडले. त्यांनी तिला नवा रंग दिला नाही आणि १९९५ साली निधन होईपर्यंत तिची साथ सोडली नाही. २०२४ साली लंडनमध्ये तिचा लिलाव झाला, तिला आठ लाख पौंडांहून अधिक किंमत आली आणि ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या स्वाधीन करण्यात आली. त्या किमतीत लाकडाचा वाटा किती, आणि उडालेल्या रंगाचा किती, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता विरुद्ध बाजूही सांगितली पाहिजे. १९६४ साली लंडनजवळच्या हॅरो येथे पीट टाउनशेंड यांच्या गिटारीचे टोक ठेंगण्या छताला लागून मोडले, तेव्हा त्यांनी रागाच्या भरात ती संपूर्ण फोडली. पुढे तो त्यांच्या प्रयोगाचाच भाग झाला. १९६७ साली कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे जिमी हेंड्रिक्स यांनी तर हजारो श्रोत्यांसमोर आपली गिटार पेटविली. ज्यांना या वाद्याची नालस्ती करावयाची असते ते याच गोष्टी पुढे करतात. आम्हांसही त्या रुचत नाहीत. परंतु हेच हेंड्रिक्स डावखुरे असून उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवीत आणि तीतून जे काढीत ते त्यापूर्वी कोणी ऐकले नव्हते, हेही विसरून चालणार नाही. एका रात्रीच्या आगीवरून अनेक वर्षांची साधना मोजणे न्यायाचे होणार नाही.

याहून अधिक विचार करावयास लावणारा मोह आम्हांस वेगळाच दिसतो. तो म्हणजे नावाचा आणि किमतीचा. हल्ली कित्येक मुले वाजविण्यापूर्वीच कोणत्या कंपनीची गिटार घ्यावयाची याची चर्चा करतात आणि ती मिळेपर्यंत शिकणे पुढे ढकलतात. त्यांनी एरिक क्लॅप्टन यांचे उदाहरण ध्यानात घ्यावे. १९७० साली नॅशव्हिल येथील एका दुकानातून त्यांनी काही जुन्या स्ट्रॅटोकास्टर गिटारी सुमारे शंभर-शंभर डॉलरना घेतल्या. तीन मित्रांना दिल्या आणि उरलेल्या तिहींचे उत्तम भाग जुळवून एक गिटार तयार केली. तिच्या काळ्या रंगावरून ती 'ब्लॅकी' म्हणून ओळखली जाऊ लागली. वर्षानुवर्षे तीच त्यांच्या हाती होती. आणि २००४ साली त्यांनी तीही लिलावात काढली. व्यसनाधीन माणसांसाठी अँटिग्वा बेटावर स्वतः स्थापन केलेल्या उपचारकेंद्राला तिचे ९,५९,५०० डॉलर मिळाले. ज्याने वस्तू खरोखर आपली केली, तोच ती मोकळ्या मनाने देऊ शकतो. जी केवळ विकत घेतली, तिला मनुष्य कवटाळून बसतो.

या साऱ्यांतून आमचे मत असे झाले आहे की, वाद्य दुकानात पैसे मोजल्याने आपले होत नाही. त्या वेळी आपण फक्त त्याचे मालक होतो. ते आपले होते रोजच्या मेहनतीने, तुटलेली तार आपल्या हाताने बदलण्याने, त्याच्या उणिवा ओळखून त्यांसह ते वाजविण्याने. हा नियम तंबोऱ्याला लागू आहे, घुमटाला लागू आहे आणि विजेच्या गिटारीलाही तितकाच लागू आहे. पूजेचा अर्थही याहून निराळा नसावा. वर्षातून एक दिवस गंध लावावयाचे आणि उरलेले दिवस कपाटात धूळ खात ठेवावयाचे, अशी पूजा सरस्वतीला पोहोचत असेल असे आम्हांस वाटत नाही. आमच्या शाळेच्या पेटीचे दोन सूर गेली कित्येक वर्षे वाजत नाहीत, हे येथे कबूल केलेले बरे.

तो विद्यार्थी दहावी होऊन शाळेतून गेला. यंदा पाट मांडताना आम्हांस त्याची आठवण झाली; परंतु ज्याच्यापाशी चूक कबूल करावयाची तो समोर नव्हता. हे अंक त्याच्या हाती पडले, तर आमचे म्हणणे त्याला कळेल. शाळेतील सहकाऱ्यांना आमची विनंती आहे की, येत्या सरस्वतीपूजनास कोणी मुलगा वा मुलगी आपले वाद्य घेऊन आली, तर ते कोणत्या जातीचे आणि कोणत्या देशाचे, हे आपण विचारू नये. एवढेच पाहावे की त्याच्या तारा पुसलेल्या आहेत की नाहीत. पुसलेल्या असतील, तर पाटावर जागा करून द्यावी.