सहलीचा हिशेब दुकानापासून

दिवाळीची खरेदी संपली की आमच्याकडे मुले एक कागद पुढे करतात. त्यावर सुट्टीत कुठे जायचे, याची यादी असते. पूर्वी तीत भद्रावती, मुक्तागिरी, फार तर महाबळेश्वर एवढीच नावे असत. गेल्या काही वर्षांत कागदाच्या अगदी वरच्या ओळीत सिंगापूरचा युनिव्हर्सल स्टुडिओ आणि हाँगकाँगचे डिस्नेलँड आले आहे. आपल्या अनेक वाचक भगिनींच्या घरीही हेच चालले असणार. चंद्रपूर, वरोरा, वडसा, आलापल्ली, कुठेही जा, व्यापाऱ्याच्या घरातील मुलाने मोबाइलवर ते झोपाळे आणि ते किल्ले पाहिलेले असतातच.

यात नवल वाटण्याचे कारण नाही. ताडोब्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला ते वर्ष १९५५, आणि अमेरिकेत अ‍ॅनाहाइम येथे पहिले डिस्नेलँड उघडले तेही १९५५ च्या जुलैत. जगभरची माणसे वाघ पाहायला आपल्या दाराशी येतात आणि आपली मुले मिकी उंदीर पाहायला समुद्रापार जाऊ म्हणतात; दोन्हींत कुतूहल सारखेच आहे. मुलांना 'आधी ताडोबा पाहा' असे सुनावून हा प्रश्न मिटत नाही. त्यांनी तो चार वेळा पाहिलेला असतो.

तेव्हा जायचे, पण ऐपतीत जायचे, असे ठरले की बहुतेक जण प्रथम विमानाचे भाडे पाहतात. आमच्याही घरी तसेच झाले आणि तेथेच चूक झाली. व्यापारी कुटुंबाने सर्वांत आधी दुकानाचे पंचांग उघडावे. दुकान कोणत्या आठवड्यात विसावते आणि त्या आठवड्यात गल्ल्यावर कोण बसते, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय भाड्याचा आकडा निरर्थक आहे.

आमचे दुकान कापडाचे. चैत्र-वैशाखात लग्नसराई, जूनमध्ये शाळेचे गणवेश. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. त्यामुळे जूनचा दुसरा पंधरवडा आपल्या मुलांना मोकळा मिळतो आणि मुंबई-पुण्याची गर्दी तोवर ओसरलेली असते. कागदावर हा काळ उत्तम दिसतो. परंतु नेमक्या त्याच दिवसांत गणवेशासाठी आमच्या दुकानापुढे रांग असते. शिवाय सिंगापूरच्या शाळांनाही मेअखेरपासून जवळजवळ संपूर्ण जून सुट्टी असते, म्हणजे तिथल्या उद्यानांत तिथलीच मुले दाटलेली. कृषी केंद्र चालविणाऱ्यांना तर जूनचे नावही काढता येत नाही. त्यांना मे बरा. तेंदूपत्त्याच्या ठेकेदारांचे एप्रिल-मे हातचे गेलेले असतात. वडसा-आरमोरीकडील धान गिरणीवाल्यांना दिवाळीनंतर मान वर करायला फुरसत नसते. ज्याचा त्याचा हंगाम निराळा. म्हणून शेजाऱ्याच्या सहलीची तारीख उचलून आपल्या घराला लावू नये.

आमच्या पंचांगात फट सापडली ती भाऊबीज आणि तुळशीविवाह यांच्या मध्ये. दिवाळीची खरेदी संपलेली, लग्नाचे मुहूर्त अद्याप लांब, मुलांना सुट्टी, आणि सिंगापूरची मुले त्या वेळी शाळेत. ज्यांचा चातुर्मासात दूरचा प्रवास न करण्याचा नियम आहे, त्यांना ही फट उपयोगाची नाही. त्यांनी मे महिन्याचाच विचार करावा. आमच्याकडे तसा नियम नाही, पण एक अडचण होती. त्या नऊ दिवसांत लाभपंचमी येते. दुकान उघडून नव्या वहीत पहिली नोंद करायची, तीही घरातील माणसाच्या हातची, हा सासऱ्यांपासूनचा शिरस्ता. म्हणजे दोन भावांपैकी एकाने मागे राहणे आले.

दोन भाऊ, दोन जावा, चार मुले आणि सासूबाई, असे आम्ही नऊ जण. कोण राहणार, या प्रश्नावर घरात तीन दिवस कोणी मोकळेपणाने बोलले नाही. हे म्हणाले, मी राहतो. जाऊबाई म्हणाल्या, दोघांचेही जेवणाचे हाल होतील, मीच थांबते. शेवटी मोठ्या भाऊजींनी रात्री जेवणे आटोपल्यावर वही काढली आणि स्वतःच्या नावापुढे 'दुकान' असे लिहून टाकले. जाऊबाईंचे नाव मात्र त्यांनी जाणाऱ्यांत लिहिले आणि त्यावर वाद घालू दिला नाही. एकत्र कुटुंबात अशा सहलींचे पैसे सहसा निघतात. मनात राहते ते मागे राहिलेल्याचे. म्हणून ही गोष्ट बोलून, लिहून ठरवावी, आणि पुढच्या खेपेला कोण राहील हेही त्याच वेळी लिहून ठेवावे. आम्ही ते लिहिले.

आता पैशांकडे. सहलीचा खर्च दुकानाच्या खर्चात घालता येत नाही. तो मालकाच्या उचल खात्यात जातो. ही रक्कम खरेदीच्या भांडवलातून किंवा व्यापाऱ्यांच्या देण्यातून काढली, तर सहलीचे व्याज पुढच्या हंगामात मोजावे लागते. आम्ही दीड वर्ष आधी एक आवर्ती ठेव उघडली आणि तीत भरले तेवढ्यातच सहल बसविली. कुटुंबाच्या परदेश प्रवासावर वर्षात दोन लाखांहून अधिक खर्च करणाऱ्याला विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे, हे व्यापाऱ्यांना सांगायला नको. पण निवृत्त वडिलांच्या नावाने पैसे भरणार असाल तर ध्यानात ठेवा.

सहलसंस्थेकडून संपूर्ण पॅकेज घेतले, तर त्यावर टीसीएस लागतो. २०२३ च्या ऑक्टोबरपासून सात लाखांपर्यंत पाच टक्के आणि त्यावरील रकमेला वीस टक्के असा तो होता. पुढे दर आणि मर्यादा बदलत गेल्या, म्हणून त्या वर्षीचा दर आपल्या सीएंनाच विचारावा. हा कर बुडत नाही, ज्याच्या पॅनवर भरला त्याच्या विवरणपत्रात वळता होतो; परंतु व्यापाऱ्याला अडकलेल्या पैशाची किंमत ठाऊक असते. नुसते विमानाचे तिकीट वा नुसती खोली स्वतंत्र घेतली तर ते पॅकेज ठरत नाही. आम्ही सर्व स्वतंत्र घेतले. त्यात स्वस्ताई आहे आणि डोकेदुखीही.

पारपत्रे किमान सहा महिने आधी काढावीत. आमच्या सासूबाईंचे नाव आधारवर एक, पॅनवर दुसरे आणि शाळेच्या दाखल्यावर तिसऱ्याच स्पेलिंगने होते. ते एक करण्यात अडीच महिने गेले. लहान मुलांच्या पारपत्राची मुदत पाचच वर्षे असते, तेव्हा मागच्या वेळचे आहे म्हणून निश्चिंत राहू नये. भाऊजी येणार नव्हते, तरी त्यांचेही आम्ही त्याच वेळी काढून घेतले.

विमान कुठून धरावे? आपण सवयीने नागपूर म्हणतो. परंतु नागपूरहून सिंगापूरला जाताना मुंबई, दिल्ली वा अन्यत्र विमान बदलावे लागते. बल्लारशाह हे दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरील मोठे स्थानक. तेथून सहा-सात तासांत सिकंदराबाद येते आणि हैदराबादहून सिंगापूरला थेट विमाने आहेत. सिरोंच्याच्या वाचकांना तर हैदराबाद नागपूरपेक्षा जवळ. गाडी उशिरा आली तर विमान थांबत नाही, म्हणून एक दिवस आधी पोहोचावे. त्या मोकळ्या दिवशी मुलांना विमानतळापासून फार लांब नसलेल्या वंडरलात न्यावे. रांगेत दीड तास उभे राहणे कोणाला झेपते, गोल फिरणाऱ्या पाळण्यात कोणाला मळमळते, हे तेथे थोड्या पैशांत कळते. आमच्या धाकट्याला कळले. पुढे सिंगापुरात त्याने हट्ट केला नाही.

मुलांची उंची घरीच मोजून जा. सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओत ट्रान्सफॉर्मर्सच्या सफरीला १०२ सेंटिमीटर, ममीच्या अंधाऱ्या गाडीला १२२ आणि बॅटलस्टार गॅलॅक्टिकाच्या पाळण्याला १२५ सेंटिमीटर उंची लागते. दारावर उभे राहून मुलाला परत फिरविण्यासारखे दुःख नाही. आमची धाकटी पुतणी १२१ भरली. तिला ते चंद्रपुरातच, दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करून दाखविले. रडणे घरी झाले, रांगेत झाले नाही.

तेथे मोठ्या माणसाचे एका दिवसाचे तिकीट साधारण ऐंशी सिंगापूर डॉलरच्या पुढे, म्हणजे साडेपाच ते सहा हजार रुपये पडते. चार ते बारा वर्षांच्या मुलांना थोडे कमी, चारच्या आतील बालकांना काही नाही. रांग टाळणारा एक्स्प्रेस पास म्हणजे जवळजवळ दुसरे तिकीटच. त्याऐवजी दार उघडण्यापूर्वी अर्धा तास हजर राहावे. सकाळचे पहिले दोन तास आमचे दुकानदारी डोळे मुलांना फार उपयोगी पडले; कोणत्या रांगेत माणसे वाढत आहेत, हे ओळखायला आपल्याला शिकवावे लागत नाही. दुपारी तेथे पाऊस येतो आणि विजा चमकू लागल्या की उघड्यावरचे पाळणे थांबवितात. म्हणून उघड्यावरचे आधी, छपराखालचे नंतर.

मुक्कामाला आम्ही लिटल इंडिया निवडले. खोल्या साध्या, पण शाकाहारी खानावळी पायाशी. १९४७ पासून चाललेले कोमला विलास तेथेच आहे. शाकाहारी म्हणजे कांदा-बटाट्यावाचून असे मात्र नव्हे; प्रत्येक वेळी विचारावे लागते, सांबाराबद्दल तर दोनदा. लिटल इंडियाहून जांभळ्या रंगाच्या मेट्रोने थेट हार्बरफ्रंटला उतरावे आणि तेथून सेंटोसा बेटावर लाकडी पुलावरून चालत जावे. पाच दिवसांत आम्ही टॅक्सी केवळ एकदा केली, तीही सामानासाठी. पैसे देताना यंत्र 'रुपये की डॉलर' असे विचारते. नेहमी डॉलर म्हणावे, रुपये म्हटल्यास विनिमयाचा दर महाग लागतो.

आपल्या घरांत खरा प्रश्न जेवणाचा असतो. विमानात जैन भोजन मिळते, पण ते निघण्याच्या निदान दोन दिवस आधी नोंदवावे. स्वस्त विमानसेवांत ते असेलच असे नाही. खाखरे, ठेपले, मुगाची कोरडी डाळ, उपम्याचे भाजलेले पीठ एवढे बरोबर असले की खोलीतील किटलीवर सकाळ निभते. सासूबाई उकळलेले पाणीच घेतात. तेही त्याच किटलीत रात्री उकळून बाटल्यांत गार करून ठेवले. दिवाळीचा उरलेला फराळ आम्ही डब्यांत भरला होता. निघण्याच्या आदल्या रात्री जाऊबाईंना आठवले की अनारशांवर खसखस आहे. सिंगापुरात आणि दुबईतही खसखस हा निषिद्ध पदार्थ आहे. तेथे ती अमली पदार्थांच्या यादीत मोडते. अनारसे भाऊजींच्या वाट्याला आले. गरम मसाल्यातही ती असू शकते, डबे एकदा तपासून पाहा.

उद्यानात बाहेरचे खाद्य चालत नाही. तेव्हा एकदा बाहेर आल्यावर परत आत जाण्याचा शिक्का मिळतो का, हे प्रवेशदाराशीच विचारावे आणि डबा बाहेरच्या बाकावर उघडावा. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांना सिंगापूर सोयीचे आहे: विषुववृत्ताजवळ असल्याने बाराही महिने सूर्य सातच्या सुमारास मावळतो. सासूबाईंना घेऊन मी सहालाच बाहेर पडे, हे आणि जाऊबाई मुलांबरोबर आत थांबत. हाँगकाँगला डिसेंबरात गेलात तर साडेपाचच्या सुमारासच पान मांडावे लागेल.

सासूबाई एकाही पाळण्यात बसल्या नाहीत. पिशव्या सांभाळीत, बाकावर माळ ओढीत त्या दिवसभर माणसे पाहत बसल्या. परतताना विमानात म्हणाल्या, एवढ्या गर्दीत कोणी भाव करीत नव्हते, हे बरे वाटले नाही.

लाभपंचमीच्या सकाळी भाऊजींनी नव्या वहीचा फोटो पाठविला. मुले त्या वेळी नाश्त्याला बसली होती. चौघांनी तो पाहिला आणि धाकटी म्हणाली, बाबांनी आज एकट्यानेच पेढा खाल्ला असेल. त्यावर जाऊबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.

यंदाच्या कागदावर मुलांनी हाँगकाँग लिहिले आहे. भारतीयांना तेथे जाण्यापूर्वी संगणकावर नोंदणी करावी लागते, ती विनाशुल्क आहे. भाऊजींनी सगळे बारकाईने वाचून काढले. डिस्नेलँडमध्ये मोठ्यांना सहाशेहून अधिक हाँगकाँग डॉलर पडतात आणि ज्येष्ठांना अवघे शंभर, हे त्यांना विशेष पटले. वयाची अट पाहून सासूबाईंचे नाव त्यांनी पहिले लिहिले. आमच्या दोघांच्या नावांपुढे 'दुकान' आहे. पुतणी आता १२६ सेंटिमीटर भरते.